कागदाएवढा पातळ स्पीकर: पीव्हीडीएफ फिल्मचं किट, नाटकाच्या कामाला लावून बघितलेलं

आधीच सांगून टाकतो, हे किट, म्हणजे वीज दिली की आवाज काढणारी पीव्हीडीएफ या प्लास्टिकची पातळ पानं आणि ती चालवायचं बोर्ड, घेण्यासारखं आहे, फक्त बॉक्सवर छापलंय त्या कामासाठी नाही. बॉक्सवरच्या फोटोत एक चकचकीत पान दिवाणखान्याच्या भिंतीला चिकटवलंय आणि खाली फुल रेंज हाय फाय असं लिहिलंय, आता कोणी खरोखर तसंच भिंतीला चिकटवून गाणी लावली तर त्याला वाटणार पैसे पाण्यात गेले. पण तेच पान कमानीसारखं वाकवून उभं केलं, मागे मोकळी जागा सोडली आणि त्याला लागतात तेवढे व्होल्ट पुरवले तर माणसाचं बोलणं त्यातून इतकं मोकळं येतं की माझ्याकडच्या छोट्या डबा स्पीकरमधून तसं मी कधी ऐकलेलं नाही.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाचा साऊंड बघतो. देवळाच्या उत्सवात आमचं मराठी नाटक असतं, कधी स्पर्धेलाही जातो. यंदाच्या नाटकात भिंतीवरच्या आजोबांचा फोटो बोलतो असा सीन आहे आणि आमचे दिग्दर्शक, भाई, यांचं म्हणणं होतं की आवाज फोटोतूनच आला पाहिजे, दोन्ही बाजूच्या मोठ्या बॉक्समधून आला तर प्रेक्षक फोटोकडे बघणारच नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण नेपथ्याच्या कापडी भिंतीवर, म्हणजे फ्लॅटवर, टांगलेल्या फ्रेममागे साधा स्पीकर बसवला की फ्रेम पुढे येते, वजनाने फ्लॅट हलतो आणि लाईट पडला की मागचा डबा दिसतो. म्हणून पातळ फिल्मचा स्पीकर शोधायला लागलो आणि हे किट ऑनलाईन मागवलं. बाहेर देशातून आलं, कस्टम धरून किंमत एका बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकरच्या वर गेली, त्यामुळे स्वस्त म्हणून घेऊ नका.

किटमध्ये ए फोर साईझची दोन पानं येतात, २८ मायक्रॉन जाडीची (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, कडेला दोन दोन आयलेट मारून वायरी काढलेल्या, आणि फिल्मला वीज पुरवणारं एक छोटं ड्रायव्हर बोर्ड जे ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर चालतं. बरोबर एक पत्रक, त्यात चार चित्रं आणि काहीच उपयोगाची माहिती नाही. पान हातात घेतलं की खरं वाटत नाही, नुसत्या फिल्मचं वजन हिशोबाने ३ ग्रॅमच्या आसपास येतं. आमच्या मंडळातला एकजण पहिल्यांदा आवाज आला तेव्हा जवळ येऊन बोट लावून बघत म्हणाला, "हो कागद गायता मरे!"

आता हा कागद गातो कसा ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय हे प्रॉडक्ट नीट वापरताच येत नाही आणि विकणाऱ्याने ते सांगायची तसदी घेतलेली नाही. दाबल्यावर वीज तयार होणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले, म्हणजे हे जुनंच आहे, आणि वीज दिली की तेच स्फटिक उलट आकार बदलतात. ग्रीटिंग कार्डात किंवा बझरमध्ये जी पितळी चकती असते तिच्यावर असंच सिरॅमिक असतं, पण ते काचेसारखं फुटतं, आणि त्यात बहुतेक वेळा शिसं असतं. १९६९ मध्ये जपानमध्ये हेजी कवाई यांनी दाखवलं की पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकची फिल्म ओढून ताणली आणि जोरदार विद्युत क्षेत्रात ठेवली तर तिच्यातही हा गुण चांगला येतो. या प्लास्टिकच्या साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन आणि पुढच्यावर दोन फ्लोरिन असतात, नुसतं वितळवून थंड केलं तर साखळ्या वेड्यावाकड्या बसतात आणि एकाचा परिणाम दुसरा मारतो, ताणल्यावर साखळ्या सरळ होतात आणि सगळे फ्लोरिन एका बाजूला येतात, मग वरून दर मायक्रॉनला ५० ते १०० व्होल्ट एवढं क्षेत्र लावलं की सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात. अशी फिल्म झाली की तिच्या दोन बाजूंना व्होल्ट दिले की ती लांबते, उलटे दिले की आखडते. बस, एवढंच. चुंबक नाही, कॉईल नाही, शंकूसारखा कागदी कोन नाही.

किती लांबते हे मात्र ऐकून ठेवा. १०० व्होल्ट दिले तर ३० सेंटीमीटर लांबीची २८ मायक्रॉनची फिल्म जेमतेम २५ मायक्रॉन लांबते, म्हणजे स्वतःच्या जाडीएवढीही नाही. आणि मुख्य गोष्ट, ती लांबते स्वतःच्याच पातळीत, पुढे मागे हलत नाही. हवा ढकलायला पुढे मागे हललं पाहिजे ना. सपाट पान भिंतीला चिकटवलं की ते बिचारं आडवंच ताणायला बघतं, तेही भिंत करू देत नाही, आवाज येणार कुठून? बॉक्सवरचा फोटो इथेच खोटा ठरतो. पान कमानीसारखं वाकवून दोन कडा पक्क्या धरल्या की लांबी वाढल्यावर त्याला फुगण्याशिवाय मार्ग राहत नाही, आखडलं की कमान आत जाते, आणि हेच पुढे मागे होणं म्हणजे आवाज. म्हणून या स्पीकरचं सगळं डिझाईन म्हणजे वाक किती द्यायचा आणि कडा कशा धरायच्या हेच आहे, फिल्म त्यातला अर्धाच भाग.

वाकाचा हिशोब तसा साधा आहे. गोल नळकांड्यासारखं पान असेल तर ते कुठल्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून जोरात घुमतं हे त्रिज्येवर ठरतं, पीव्हीडीएफचा ताठपणा आणि घनता धरली तर १० सेंटीमीटर त्रिज्येला साधारण २ किलोहर्ट्झ येतं, त्रिज्या दुप्पट केली की निम्मं. त्या खाली आवाज हळूहळू पडत जातो. म्हणजे जास्त खोल आवाज हवा असेल तर वाक कमी ठेवायचा, त्रिज्या मोठी. पण फार सपाट केलं तर फिल्म लोंबते, तिला पुढे फुगू की मागे हे कळत नाही आणि आवाज फाटतो. मी फ्रेमच्या आत ३० सेंटीमीटरच्या आसपास त्रिज्येचा वाक ठेवला, मागे पॉलिस्टरचा कापूस, उशीत भरतात तो, अगदी हलका टेकवला. त्याने फिल्मला बाहेरच्या बाजूला थोडा आधार मिळतो, घुमण्याचा टोचणारा कडकपणा कमी होतो आणि मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला मारत नाही.

इथे विकणाऱ्यावर माझा सगळ्यात मोठा राग आहे. फिल्म एकाच दिशेला ताणलेली असते आणि त्या दिशेला तिची ताकद २३ पिकोकुलोम प्रति न्यूटनच्या (ताणाला किती वीज निघते त्याचं माप) आसपास असते, आडव्या दिशेला २ ते ३. जवळजवळ दहापट फरक! म्हणजे कमान ताणलेल्या दिशेने घेतली तरच आवाज, दुसऱ्या दिशेने घेतली तर कुजबुज. आणि या दोन पानांवर ताणाची दिशा कुठेही छापलेली नाही, पत्रकात नाही, मेल करून विचारलं तर उत्तर आलं की कसंही वापरा. कसंही कसं वापरणार? दोन्ही दिशांनी वाकवून ऐकलं की फरक लगेच कळतो, आणि कोपऱ्याची बारीक पट्टी कापून फाडून बघितली तर ताणलेल्या दिशेने ती सरळ रेषेत सुटते, आडवी फाडायला गेलं की वाकडीतिकडी जाते. एक बाण छापायला काय खर्च होता? नवीन मुलगा घेईल, चुकीच्या बाजूने वाकवेल आणि ही टेक्नॉलॉजीच बेकार म्हणून कपाटात टाकेल, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता ड्रायव्हर बोर्ड. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला असलेल्या मित्राकडे ऑसिलोस्कोपवर लावलं तर टोकापासून टोकापर्यंत ६० व्होल्ट मिळतात, एवढ्याशा बोर्डाच्या मानाने वाईट नाही. पण अडचण व्होल्टची नाही, करंटची आहे. साधा स्पीकर ८ ओहमचा असतो आणि थोडाफार तसाच राहतो, ही फिल्म म्हणजे विजेच्या भाषेत नुसता कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग आहे, दोन धातूचे थर आणि मध्ये प्लास्टिक. ए फोर पानाची कपॅसिटी हिशोबाने २३० नॅनोफॅरडच्या वर येते. १०० हर्ट्झला तिचा अडथळा साडेसहा हजार ओहमच्या वर, १ किलोहर्ट्झला पावणेसातशेच्या आसपास आणि १० किलोहर्ट्झला फक्त ६७. म्हणजे जसजसा आवाज बारीक होतो तसतसा ॲम्प्लिफायरवर भार वाढत जातो, नेहमीच्या स्पीकरच्या बरोबर उलट सवय लागते. किटमधलं बोर्ड बोलण्याला ठीक चालतं, पण टाळ किंवा झांज आली की धाप लागते, चरचर येते आणि बोर्डावरची चिप, म्हणजे आयसी, हात लावू देत नाही इतका तापतो. एका पानाला जेमतेम पुरतं, दोन्ही पानं एकत्र लावून चालवा असं पत्रकात आहे ते अजिबात करू नका.

मी बोर्ड बाजूला ठेवलं आणि आपल्याकडे प्रत्येक मंडपवाल्याकडे असतो तो लाईन ट्रान्सफॉर्मर काढला. देवळाच्या उत्सवात नाहीतर चर्चच्या फेस्ताला लांब लांब भोंगे लावतात तेव्हा ॲम्प्लिफायरमधून १०० व्होल्टची लाईन काढतात आणि भोंग्याजवळ ट्रान्सफॉर्मरने ती खाली उतरवतात, तोच उलटा जोडला की ८ ओहमच्या बाजूने साधा ॲम्प्लिफायर आणि १०० व्होल्टच्या बाजूला फिल्म. फक्त ट्रान्सफॉर्मर लहान वॅटचा घेऊ नका. १० वॅटच्याचं व्होल्ट वाढवायचं गुणोत्तर ११ पट पडतं आणि फिल्मची कपॅसिटी ॲम्प्लिफायरला त्याच्या वर्गाने, म्हणजे सव्वाशेपट दिसते, १० किलोहर्ट्झला अर्ध्या ओहमच्या आसपास, ॲम्प्लिफायर गेलाच समजा. ४० वॅटच्याचं गुणोत्तर साडेपाच पट, तिथे दोन ओहमच्या वर राहतं, शिवाय ॲम्प्लिफायरच्या बाजूला ४ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये टाकायचा म्हणजे काळजी मिटते. त्याने ५ किलोहर्ट्झच्या वरचं थोडं खाली येतं, पण या फिल्मला वरचं जरा जास्तच असतं त्यामुळे ते कानाला बरंच वाटतं. २० वॅटचा ॲम्प्लिफायर असला तरी फिल्मवर ७० व्होल्टपर्यंत जातं, फ्रेमसाठी तेवढं पुष्कळ झालं.

या जागी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. हे व्होल्ट खेळण्यातले नाहीत. मंडपात पोरं येऊन हात लावतात, मेकअपचा ओला हात लागतो. प्रेक्षकाकडची बाजू नेहमी अर्थला जोडा, जिवंत बाजू आत, वरून पातळ प्लास्टिक. आणि कडेला धातूचा थर काही मिलीमीटर काढलेला असलाच पाहिजे, नाहीतर २८ मायक्रॉनच्या काठावरून ठिणगी उडते. किटच्या पानांना ती मोकळी पट्टी आहे, त्याबद्दल पूर्ण मार्क. पण पान कापून लहान केलंत तर पट्टी पुन्हा करावी लागते, त्यासाठी पीसीबी खरवडायचं फेरिक क्लोराइड कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडं, हातमोजे घालून. नेल पॉलिश काढायचं ॲसिटोन चुकूनही लावू नका, पीव्हीडीएफ त्यात फुगतं. सोल्डरिंगचाही विचार सोडून द्या, ८० अंशांच्या वर फिल्मची ताणून बसवलेली रचना विस्कटायला लागते आणि तेवढ्या जागेचा गुण कायमचा जातो. गोंदातूनही करंट जातो अशी कॉपर टेप मिळते, तीच वापरा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पान ठेवून जाऊ नका, त्याचंही कारण हेच.

आवाजाबद्दल. पहिल्यांदा नुसतं बोलणं लावलं, आमच्याच आजोबांच्या भूमिकेतल्या नटाचं रेकॉर्डिंग. शब्दांच्या कडा, स, श, त, च, हे सगळं समोर बसून बोलल्यासारखं येतं, कारण हलणारी वस्तू जवळजवळ वजनच नसलेली आहे, सुरू व्हायला आणि थांबायला तिला वेळ लागत नाही. आवाज पुढे एका टोकदार झोतात न जाता बाजूला चांगला पसरतो, हाही कमानीचाच गुण. सपाट पान असतं तर १० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नसते आणि पान ३० चं, मग समोर बसलेल्यालाच ऐकू आलं असतं. नाट्यसंगीत लावलं, तान सुंदर, ऑर्गनचा वरचा हात सुंदर, तबल्याची चाट सुंदर, आणि डग्गा म्हणजे जणू कोणी वाजवतच नाही.

मग मुद्दाम चवथीच्या आरत्यांचं आमच्या मंडळींचं रेकॉर्डिंग लावलं, कारण गोव्यात स्पीकरची खरी परीक्षा घुमट आरतीच घेते, घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडाला चामडं लावलेलं आमचं वाद्य. कांसाळं, म्हणजे मोठी झांज, ऐकून अंगावर काटा आला, एकेक ठोका वेगळा, मागचा झणकार शेवटपर्यंत ऐकू येतो. शामेळाची, म्हणजे काठीने वाजवायच्या छोट्या नगाऱ्याची, काठी कडक. आणि घुमट गायब. चामड्यावर पडलेली थाप टक्क अशी येते पण मडक्यातून निघणारा घुमारा नाही म्हणजे नाहीच. यात किटवाल्याचा दोष नाही, हवेचाच हिशोब तसा आहे, तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर हलणं चौपट लागतं, १ किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झला यायचं तर शंभरपट, आणि इथे आपण मायक्रॉन मोजतोय. पण मग फुल रेंज लिहू नये ना. साडेतीनशे चारशे हर्ट्झच्या खालचं काम खाली एखाद्या लहान बॉक्सला द्या, कमी आवाजात, खालचे सूर कुठून येतात हे कानाला फारसं कळत नाही आणि दिशा फिल्म ठरवते. आमच्या सीनमध्ये तेच केलंय, फ्लॅटच्या मागे जमिनीवर एक छोटा बॉक्स आजोबांच्या आवाजाला छाती देतो, आणि बोलतो फोटोच.

हॉलमध्ये किती पोचतं? तालमीच्या खोलीत भरपूर. सभामंडपात पहिल्या काही रांगांना फोटोतून येतं असं स्पष्ट कळतं, मागे पंख्यांच्या आवाजात पुसट होतं, म्हणून मोठ्या बॉक्सना तोच आवाज थोडा उशिराने आणि बराच कमी करून देतो, पहिला कानावर येतो तो फोटोचा आणि मागे बसलेलाही फोटोकडेच बघतो. भाई खूश आहेत. माझ्या मते एवढ्या एका कामासाठी किटचे पैसे वसूल झाले.

जपानच्या पायोनियर कंपनीने सत्तरच्या दशकातच या फिल्मचे हेडफोन आणि ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचे स्पीकर, बाजारात आणले होते, त्यांच्या एचपीएम मालिकेच्या स्पीकरमध्ये वरचे सूर वाजवायला वाकवलेली फिल्मच होती, म्हणजे ज्यांना हे कळत होतं त्यांनी स्पीकरमध्ये तिला फक्त वरचं काम दिलं, खालचं साध्या कोनला. भिंतीला चिकटवायचा प्रश्नही आता सुटत आलाय. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीमधल्या संशोधकांनी ८ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्मवर १५ मायक्रॉन उंचीचे हजारो बारीक गोल फुगवटे उठवले, प्रत्येक फुगवटा स्वतंत्र हलतो आणि वर खाली भोकं पाडलेल्या प्लास्टिकचे थर त्यांना वाचवतात, त्यामुळे पूर्ण पान कशालाही चिकटलं तरी फुगवटे मोकळेच राहतात. २५ व्होल्टवर ३० सेंटीमीटर अंतरावर १ किलोहर्ट्झला ६६ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला ८६ डेसिबल असे आकडे त्यांनी दिलेत, आणि वीज दर चौरस मीटरला १०० मिलीवॅटच्या आसपास. म्हणजे कमान बाहेर देण्याऐवजी त्यांनी ती फिल्मच्या आतच दिली. हे बाजारात येईल तेव्हा माझ्या फ्रेमची निम्मी सुतारकी वाचेल. आकडे बघा पण, तिथेही खाली कमी आणि वर जास्त, वीस डेसिबलचा फरक.

गोव्याची हवा हा वेगळा विषय. प्लास्टिकला इथे काहीच होत नाही, खारी हवा, ऊन, पाऊस सगळं सोसतं, मासे गरवणाऱ्यांना माहीत असेल ती फ्लोरोकार्बन तंगूस, गळाची दोरी, याच पीव्हीडीएफची असते, समुद्रात राहून राहून ती खराब होत नाही. मरतो तो वरचा ॲल्युमिनियमचा थर. पावसाळ्यात आयलेटच्या भोवती चमक गेली, तिथून पान पारदर्शक व्हायला लागलं आणि आवाज कमी जास्त यायला लागला, म्हणजे धातू खाल्ला गेला आणि करंटला रस्ता उरला नाही. तो भाग कापून नवीन कॉपर टेप लावली, कडा मेणाने बंद केल्या, आता ठीक आहे. पण किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने ॲल्युमिनियमऐवजी सिल्व्हर इंकची फिल्म मिळते ती बघावी, महाग आहे पण वाकवायलाही बरी. आणि फ्लेक्सिबल आहे म्हणून घडी घालू नका! वाकवणं वेगळं आणि घडी वेगळी, घडीच्या रेषेवर धातूला तडा जातो, मग तिथून पुढचं पान मुकं. मी नळकांड्यावर गुंडाळून ठेवतो, आत सिलिका जेलची पुडी.

दिवाळीला एक प्रयोग करायचाय. दोन पानं कडेला कडा लावून जोडली तर साडेनऊ सेंटीमीटर त्रिज्येचं नळकांडं होतं, म्हणजे बरोबर एका आकाशकंदिलाएवढं, आणि पूर्ण गोल म्हटल्यावर आवाज चारही बाजूंना सारखा. वाक जास्त असल्यामुळे घुमणं २ किलोहर्ट्झच्या आसपास जाईल, आवाज बारीक येईल, पण हळू सनई किंवा बासरीला चालेल असं वाटतं. आत दिवा मात्र एलईडीच, गरम होणारा बल्ब नको. आणि वायर वर टांगलेली असणार म्हणून इथे किटचं लहान बोर्डच वापरीन, दोन पानं त्याला जड जातात हे खरं, म्हणूनच आवाज अगदी हळू ठेवीन, पण १०० व्होल्टची लाईन घराच्या दारात नाही.

कोणाला घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला आधी ताणाची दिशा विचारा, मग फिल्मची जाडी, मग धातू कुठला आणि कडेची मोकळी पट्टी आहे का. जाडी महत्त्वाची अशासाठी की तेवढाच आवाज काढायला ५२ मायक्रॉनच्या फिल्मला जवळपास दुप्पट व्होल्ट लागतात, कपॅसिटी मात्र निम्मी होते, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्याला ती जास्त सोयीची आणि टिकायलाही दणकट. उत्तर येत नसेल तर ड्रायव्हर बोर्डासकट किट घेण्यापेक्षा नुसती फिल्म विकणारे आहेत त्यांच्याकडून घ्या, बोर्डाचे पैसे वाचतील, तसंही ते बाजूलाच पडतं.

आणि कापलेले तुकडे फेकू नका. हीच फिल्म उलटी चालवली की माईक होते. १ बाय ३ सेंटीमीटरची पट्टी दुहेरी टेपने घुमटाच्या मडक्यावर, गळ्याच्या जवळ चिकटवली तर जो घुमारा स्पीकर म्हणून तिला जमत नव्हता तो पिकअप म्हणून ती सगळाच्या सगळा देते, आणि बाजूच्या कांसाळ्यांचा आवाज फारसा शिरत नाही, जो साध्या माईकवर आम्हाला नेहमी त्रास देतो. फक्त सरळ मिक्सरच्या लाईन इनपुटला लावू नका, एवढ्या पट्टीची कपॅसिटी १ नॅनोफॅरडच्या जरा वर असते आणि १० किलो ओहमच्या इनपुटला १४ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं पडतं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. मध्ये एक फेटचा (फेट म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर, म्हणजे कमजोर सिग्नल न दाबता पुढे देणारं छोटं सर्किट हवं, १० मेगओहम इनपुटचं, मग १४ हर्ट्झपर्यंत खाली जातं. बॅटरीवर चालणारा असा बफर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याकडून तासाभरात होतो, पट्टीपासून बफरपर्यंतची वायर मात्र आखूड आणि शिल्डेड ठेवा, नाहीतर मंडपातल्या ट्यूबलाईटचा हम्म आधी येतो.